आकाशातल्या किरणांचा माग काढणारे व्हिक्टर हेस

किरणोत्सार म्हटला की आपल्याला एक्स-रे, सीटी स्कॅन नाही तर अणुभट्टी आठवते. पण घरात स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातूनही आकाशाकडून येणारे विद्युतभारित कण सतत आरपार जात असतात. त्यांचा माग ऑस्ट्रियाच्या व्हिक्टर हेस यांनी काढला.

हेस यांचा जन्म १८८३ चा. ग्राझमध्ये भौतिकशास्त्र शिकून ते व्हिएन्नाच्या रेडियम संशोधन संस्थेत काम करू लागले. बंद भांड्यातल्या उपकरणाचा विद्युतभार आपोआप ओसरतो, हे तेव्हाचे कोडे होते. जमिनीतल्या किरणोत्सारी खनिजांमुळे हे घडते, असा समज होता. तसे असेल तर उंचावर परिणाम कमी व्हायला हवा. हे तपासायला हेस स्वतः बलूनमध्ये बसले. १७ एप्रिल १९१२ रोजी सूर्यग्रहणातही किरणोत्सार घटला नाही. म्हणजे मुख्य उगम सूर्य नव्हता. ७ ऑगस्टला ते ५,३०० मीटरच्या वर गेले. तिथे किरणोत्सार जमिनीपेक्षा दुपटीहून अधिक भरला. तो वरून येत होता!

रेडियमने मात्र त्यांच्याकडून किंमत वसूल केली. किरणोत्साराने भाजल्यामुळे त्यांच्या हाताचा अंगठा कापावा लागला. १९३६ मध्ये कार्ल अँडरसन यांच्यासोबत नोबेल मिळाले. दोनच वर्षांनी नाझींनी त्यांचे प्राध्यापकपद काढून घेतले. पत्नी ज्यू वंशाची, त्यामुळे धोका मोठा होता. दोघे अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कच्या फोर्डम विद्यापीठात हेस यांनी माणसाच्या शरीरात शिरलेले अत्यल्प रेडियम मोजण्याची पद्धत विकसित केली. अणुचाचण्यांनाही त्यांनी विरोध केला. १९६४ मध्ये ते वारले.

हे कण कुठून येतात, याचे उत्तर आज बरेच स्पष्ट आहे. बहुतेक वैश्विक किरण सूर्यमालेबाहेरून येतात. ताऱ्यांच्या महास्फोटांतून उठणाऱ्या लाटा त्यांना प्रचंड वेग देतात. सूर्यावरील उद्रेकही अधूनमधून भर घालतात. वैश्विक किरण वातावरणावर आदळले की न्यूट्रॉन उडतात. त्यातले काही अवकाशात विघटित होऊन प्रोटॉन बनतात आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकतात. १९५८ मध्ये सापडलेल्या व्हॅन ॲलन पट्ट्यांपैकी आतल्या पट्ट्यातले जोरकस प्रोटॉन मुख्यतः असेच येतात.

मग घाबरायचे का? नाही. माणसाला निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सार मिळतो. त्यात वैश्विक किरणांचा वाटा जेमतेम ०.४. एरवी विमानप्रवास करणाऱ्यांनीही चिंता करू नये. पायलट आणि हवाई कर्मचाऱ्यांनी, विशेषतः गरोदरपणी, आपल्या उड्डाणांचा हिशेब ठेवावा. आवश्यक एक्स-रे टाळू नये, अनावश्यक मागू नये. किरणोत्साराला भिण्यापेक्षा तो मोजावा, हेस यांनी आयुष्यभर तेच केले.