डोंगरावरून पृथ्वी मोजणारे अल-बिरुनी

नमाज काबागृहाच्या दिशेला तोंड करून अदा केली जाते. पण मक्का शेकडो कोस दूर असेल, मध्ये डोंगर-वाळवंट असतील, तर ती दिशा अचूक काढायची कशी? गझनीसाठी हे उत्तर शोधताना अबू रैहान अल-बिरुनी यांनी १०२५ मध्ये एक अख्खा ग्रंथ पूर्ण केला. श्रद्धेने प्रश्न दिला, उत्तर मात्र त्यांनी मोजमापातून मिळवले. त्यांचे सारे आयुष्य असेच गेले.

त्यांचा जन्म ९७३ मध्ये ख्वारिज्ममधील कात या गावी झाला. हा प्रदेश आज उझबेकिस्तानात आहे. ९९७ मध्ये चंद्रग्रहण लागले तेव्हा ते कातमधून आणि अबुल वफा बगदादमधून ते पाहत होते. दोन्हीकडच्या वेळेतील फरकावरून त्या शहरांच्या रेखांशांतील अंतर काढले गेले.

१०१७ मध्ये महमूद गझनवीने ख्वारिज्म जिंकले आणि बिरुनींना गझनीला नेले. तिथून त्यांना हिंदुस्थान जवळ आला. चाळिशी उलटल्यावर ते संस्कृत शिकले, पंडितांकडून ग्रंथ समजून घेतले, पतंजलीचे योगसूत्र अरबीत नेले. महमूदच्या स्वाऱ्यांनी या देशाची भरभराट धुळीस मिळवली, हेही त्यांनी गझनीच्याच राज्यात राहून लिहून ठेवले.

पंजाबातील नंदना किल्ल्याजवळ त्यांना हवा तसा डोंगर सापडला. समोर सपाट मैदान पसरलेले. आधी त्यांनी डोंगराची उंची काढली. मग माथ्यावरून क्षितिज किती खाली झुकलेले दिसते, तो कोन मोजला. या दोन आकड्यांवरून त्यांनी पृथ्वीची त्रिज्या मांडली. आज ती सुमारे ६,३७१ किलोमीटर मानतात. बिरुनींचा आकडा याच्या अगदी जवळ जातो.

गंगेच्या खोऱ्यात त्यांनी दगडगोट्यांचा अभ्यास केला. पहाडाजवळ मोठे धोंडे, पुढे लहान गोटे, समुद्राकडे नुसती वाळू. यावरून हे मैदान पूर्वी समुद्र असावे आणि नद्यांच्या गाळाने ते भरत गेले असावे, असे त्यांनी मांडले. अरबस्तानात विहिरी खणताना शिंपले निघतात, म्हणजे तिथेही कधीकाळी समुद्र होता, असे त्यांचे म्हणणे होते.

कुराणात पर्वतांना मेखांची उपमा आहे. अशा आयतींत आजचे भूशास्त्र शोधणारे लेखन अलीकडे पुष्कळ होते. बिरुनींची वाट निराळी होती. आकाश आणि पृथ्वीच्या आकाराविषयी कुराणात असे काही नाही, की ज्याचा ओढूनताणून अर्थ लावावा लागेल, असे त्यांनी हिंदुस्थानावरील ग्रंथात नोंदवले. आकाश आणि पृथ्वीच्या निर्मितीवर विचार करा, असे कुराण सांगते. बिरुनींनी त्यासाठी कोनमापक हाती घेतले.

१०४८ च्या सुमारास ते गझनीत मरणशय्येवर होते. भेटीला आलेल्या एका धर्मशास्त्र्याला त्यांनी वारसाहक्काची एक अडलेली बाब विचारली, असे सांगतात. अशा अवस्थेत हे कशाला, असे त्याला वाटले. पण न कळता जाण्यापेक्षा कळून गेलेले बरे, हे बिरुनींचे मत. शास्त्र्याने सगळे समजावले, बिरुनींनी ते परत म्हणून दाखवले. तो निरोप घेऊन रस्त्यावर आला, तोच घरातून रडण्याचा आवाज आला.