कुष्ठरोगाचा जंतू शोधणारे डॉ. हॅन्सन : एक मोठा शोध आणि न विचारता केलेला एक प्रयोग

कुष्ठरोगाला जगभर ‘हॅन्सन्स डिसीज’ असंही म्हणतात. हे नाव पडलं नॉर्वे देशातल्या डॉ. गेरहार्ड हॅन्सन यांच्यावरून. या रोगामागे शाप नाही, पाप नाही, रक्तातला दोषही नाही, तर एक जंतू आहे, हे त्यांनी दाखवलं. पण याच डॉक्टरांना एका रुग्णामुळे कोर्टात उभं राहावं लागलं आणि रुग्णालयातली नोकरी गमवावी लागली. नक्की काय झालं होतं? चला, सुरुवातीपासून बघूया.

बर्गनचा मुलगा

हॅन्सन यांचा जन्म २९ जुलै १८४१ रोजी नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बर्गन या शहरात झाला. घरात तब्बल १५ भावंडं. वडिलांचा धंदा बुडाला, त्यामुळे वैद्यकीय शिक्षणाचा खर्च त्यांना स्वतः कमावून भागवावा लागला. १८६६ मध्ये ते डॉक्टर झाले. काही काळ त्यांनी उत्तरेकडच्या लोफोटेन बेटांवर मासेमारांवर उपचार केले आणि १८६८ मध्ये ते पुन्हा बर्गनला आले.

त्या काळी बर्गन हे युरोपातलं कुष्ठरोगाच्या अभ्यासाचं सर्वात मोठं केंद्र होतं. कारण दुःखद होतं. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर या रोगाचे खूप रुग्ण होते आणि त्यांच्यासाठीची मोठी रुग्णालयं बर्गनमध्येच होती. त्यातल्या संत जॉर्जच्या रुग्णालयाची सुरुवात तर पंधराव्या शतकातली.

तेव्हा लोकांना काय वाटायचं?

बर्गनमधले सर्वात मोठे तज्ज्ञ होते डॉ. डॅनियल डॅनियलसन. त्यांनी १८४७ मध्ये डॉ. बोएक यांच्यासोबत कुष्ठरोगावर मोठा ग्रंथ लिहिला होता. रोगाची लक्षणं त्यात इतकी नीट मांडली होती की युरोपभर तो ग्रंथ प्रमाण मानला गेला. पण कारणाबाबत त्यांचं मत एकच होतं : हा रोग आनुवंशिक आहे, आई-वडिलांकडून मुलांकडे जातो.

याशिवाय इतर समजही होतेच. कुणी खराब हवेला दोष द्यायचं, कुणी माशांना. जोनाथन हचिन्सन हे लंडनचे नावाजलेले त्वचारोगतज्ज्ञ तर नीट न टिकवलेले मासे खाल्ल्यामुळेच कुष्ठरोग होतो, हे शेवटपर्यंत धरून बसले. किनाऱ्यावर रुग्ण जास्त आणि किनाऱ्यावर मासेही जास्त खातात, म्हणून मासेच कारण! दोन गोष्टी एकत्र दिसल्या की एकीमुळे दुसरी होते असं मानायची घाई आपणही करतोच ना?

आधी डेटाबेस, मग मायक्रोस्कोप

नॉर्वे सरकारने १८५६ मध्ये एक वेगळंच काम सुरू केलं होतं. देशातल्या प्रत्येक कुष्ठरुग्णाची नावानिशी नोंद. नाव, वय, गाव, घरातल्या इतरांची माहिती, रोग कधी सुरू झाला, रुग्ण कुठे राहतो, सगळं एका नोंदवहीत. एका रोगासाठी संपूर्ण देशाची अशी नोंद ठेवण्याचं हे जगातलं पहिलं उदाहरण मानलं जातं. आजच्या भाषेत सांगायचं तर कागदावरचा डेटाबेस.

हॅन्सन यांनी या नोंदी तपासल्या आणि किनाऱ्यावरच्या गावांमध्ये फिरून घराघरांतून माहिती घेतली. रोग खरंच रक्तातून येत असेल, तर तो फक्त नात्यात फिरायला हवा. पण नोंदी वेगळंच सांगत होत्या. रुग्णाच्या सहवासात राहणाऱ्यांना रोग होत होता. शिवाय ज्या भागांतले जास्त रुग्ण रुग्णालयात दाखल झाले होते, तिथे नवे रुग्ण जास्त वेगाने कमी होत होते. रोग आनुवंशिक असता तर असा फरक पडलाच नसता.

म्हणजे रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो. मग जे जातं ते नक्की काय? इथून पुढचं काम प्रयोगशाळेचं होतं.

२८ फेब्रुवारी १८७३

या दिवशी हॅन्सन यांनी एका रुग्णाच्या नाकावरच्या गाठीतला स्राव घेऊन मायक्रोस्कोपखाली पाहिला. पेशींमध्ये बारीक काड्यांसारखं काहीतरी दिसलं. जंतूंना रंग देऊन उठून दाखवायची पद्धत तेव्हा नीट तयारच झाली नव्हती. कॉन्ट्रास्ट नसलेल्या धूसर फोटोत एखादी बारीक रेघ शोधायची, तसलं हे काम.

हे किती आधी घडलं ते बघा. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जाहीर केला तो १८८२ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी. वर्षानुवर्षं चालणाऱ्या रोगामागे इतका छोटा जीव असू शकतो, हे तेव्हा बहुतेकांना पटणारंच नव्हतं.

त्यात घरातलीच अडचण होती. डॅनियलसन हे हॅन्सन यांचे वरिष्ठ होते आणि जानेवारी १८७३ मध्ये त्यांच्या मुलीशी हॅन्सन यांचं लग्न झालं होतं. म्हणजे सासऱ्यांचाच सिद्धांत जावई खोडून काढत होता! पण डॅनियलसन यांनी त्यांचं काम अडवलं नाही. दुर्दैवाने त्याच वर्षी हॅन्सन यांची पत्नी क्षयाने वारली.

१८७४ मध्ये त्यांनी आपलं निरीक्षण छापलं, तेही जपूनच. काड्या दिसल्या हे नक्की, पण रोग त्यांच्यामुळेच होतो याचा पुरावा अजून हातात नव्हता.

मुंबईचं कनेक्शन

याच सुमारास मुंबईहून एक डॉक्टर नॉर्वेला जाऊन आले : हेन्री व्हॅनडाइक कार्टर. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या जगप्रसिद्ध पुस्तकातली चित्रं यांचीच. ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवायचे, आणि मदुरा फूट या पायाच्या रोगामागे बुरशी असावी हे त्यांनी इथल्या रुग्णांवरून मांडलं होतं. नॉर्वेतली कुष्ठरुग्णालयं पाहून त्यांनी १८७४ मध्ये भारताच्या संदर्भासह अहवाल लिहिला. म्हणजे बर्गनमध्ये काय चाललंय, हे मुंबईला लवकरच कळलं होतं.

श्रेयाचा वाद

१८७९ मध्ये ब्रेस्लाऊहून अल्बर्ट नाइसर हा २४ वर्षांचा तरुण डॉक्टर बर्गनला आला. हॅन्सन यांनी त्याला रुग्ण दाखवले, नमुनेही दिले. परत गेल्यावर नाइसरने नव्या पद्धतीने ते नमुने रंगवले. जंतू स्पष्ट दिसले आणि त्याने शोध आपल्या नावाने जाहीर करून टाकला. मग हॅन्सन यांनीही आपल्या आधीच्या कामाचा सगळा हिशेब छापला. अखेर जगाने शोधाचं श्रेय हॅन्सन यांना दिलं, पण रंगवून स्पष्ट दाखवण्याचं काम नाइसरचं, हेही खरं.

न विचारता केलेला प्रयोग

पुरावा मात्र अजूनही मिळत नव्हता. हा जंतू प्रयोगशाळेत वाढेना. प्राण्यांना टोचून पाहिलं, त्यांना रोग होईना. डॅनियलसन यांनी पूर्वी रुग्णाच्या गाठीतला अंश स्वतःच्या शरीरात टोचून घेतला होता, त्यांनाही काही झालं नव्हतं.

नोव्हेंबर १८७९ मध्ये हॅन्सन यांनी रुग्णालयातल्या एका ३३ वर्षांच्या स्त्रीच्या डोळ्यात, दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतला अंश टोचला. तिला कुष्ठरोग आधीच होता, पण वेगळ्या प्रकारचा, गाठी न येणारा. तिच्यात गाठी उमटतात का, हे त्यांना बघायचं होतं. त्यांनी तिला विचारलं नाही. काय करतोय, कशासाठी करतोय, हेही सांगितलं नाही.

तक्रार झाली, खटला उभा राहिला. परवानगी घेतली नव्हती, हे हॅन्सन यांनी कोर्टात मान्य केलं. हा प्रयोग ती आपल्या नजरेने बघणार नाही, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. थोडक्यात, नकार मिळेल असं वाटलं म्हणून प्रश्नच विचारला नाही! ३१ मे १८८० रोजी निकाल लागला आणि त्यांची रुग्णालयातली नोकरी गेली. देशाचे मुख्य कुष्ठरोग अधिकारी हे १८७५ पासूनचं पद मात्र कायम राहिलं.

आज साधं टॉर्चचं अ‍ॅप कॉन्टॅक्ट्स मागतं तेव्हा आपण दोन सेकंद थांबतो. तिथे तर प्रश्न डोळ्याचा होता. हॅन्सन यांचा तर्क बरोबर होता, जंतूही खरा होता, तरीही तो डोळा त्यांचा नव्हता. प्रयोगाआधी माणसाची संमती हवी, हा नियम न्यूरेम्बर्ग संहितेत लिहिला गेला १९४७ मध्ये. बर्गनच्या कोर्टाने एका गरीब रुग्ण स्त्रीची बाजू त्याच्या ६७ वर्षं आधी घेतली होती.

जंतू वाढत का नव्हता?

याचं उत्तर खूप नंतर मिळालं.

- हा जंतू फार संथ आहे. पोटातला ई. कोलाय जंतू चांगल्या परिस्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो, याला साधारण दोन आठवडे लागतात.
- त्याला थंडावा लागतो. म्हणून नाक, कान, हात-पाय अशा शरीराच्या थंड भागांवर तो जास्त दिसतो.
- २००१ मध्ये त्याची जनुकं वाचली गेली, तेव्हा त्यातली बरीचशी निकामी निघाली. त्यामुळे दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय त्याचं चालत नाही.

१९६० मध्ये तो उंदराच्या तळपायात वाढवता आला आणि १९७१ मध्ये आर्माडिलो या प्राण्यात. प्रयोगशाळेच्या बशीत मात्र तो आजही वाढत नाही.

शेवटची वर्षं

१८८८ च्या सुमारास हॅन्सन अमेरिकेला गेले. नॉर्वेतून तिकडे स्थलांतर केलेल्या कुष्ठरुग्णांच्या मुला-नातवंडांमध्ये त्यांना हा रोग आढळला नाही. आनुवंशिकतेच्या सिद्धांताला हा आणखी एक धक्का होता.

नॉर्वेत १८८५ मध्ये कायदा झाला : घरी वेगळं राहायची सोय करा, नाहीतर रुग्णालयात जा. त्यामागे हॅन्सन यांचा आग्रह होता. १८७५ मध्ये देशात १७५२ रुग्ण होते, १९०१ मध्ये ५७७ उरले. पण या आकड्यांमागे घरापासून तोडलेली माणसंही आहेत. भारतात इंग्रज सरकारने १८९८ मध्ये कायदा केला, त्यात निराधार कुष्ठरुग्णांना पकडून नेण्याची तरतूद होती. तो कायदा पूर्णपणे रद्द झाला थेट २०१६ मध्ये.

१२ फेब्रुवारी १९१२ रोजी हॅन्सन यांचं निधन झालं. खात्रीचं औषध त्यांना बघायला मिळालं नाही.

आपल्यासाठी काय?

आज जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त भारतात असतात. पण १९८० च्या दशकापासून बहुविध औषधोपचार मिळतो. ६ ते १२ महिने गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो, आणि सरकारी दवाखान्यात त्या मोफत मिळतात. बहुतेक माणसांच्या शरीरात या जंतूविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते, आणि हात मिळवल्याने हा रोग होत नाही. त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर व्हॉट्सअ‍ॅपवरचे उपाय करत बसू नका, तपासून घ्या. उशीर झाला तर नसा खराब होतात, आणि त्या गोळ्यांनी परत येत नाहीत.

बर्गनच्या त्या नोंदी २००१ मध्ये युनेस्कोच्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ यादीत गेल्या. त्यात फक्त आकडे नाहीत, हजारो माणसांची नावं आहेत.

माहिती उपयोगी वाटली तर घरच्यांना आणि मित्रांना नक्की पाठवा. एखाद्याच्या हातावरचा तो बधिर चट्टा कदाचित वेळेत तपासला जाईल.