जॉन पोस्टेल: ज्यांनी इंटरनेटची पत्त्यांची वही सांभाळली

कम्प्युटर चालू झाला, वायफायचं चिन्हही आलं, पण ब्राउझरमध्ये एकही पान उघडत नाही. अशा वेळी बहुतेक जण राउटर बंद करून परत चालू करतात आणि पुढचं नशिबावर सोडतात. खरं तर नेट नेमकं कुठे अडलंय हे शोधायची साधनं प्रत्येक कम्प्युटरमध्ये आधीपासूनच असतात: आयपी ॲड्रेस, पिंग, डीएनएस आणि पोर्ट नंबर. या चारही गोष्टींच्या मागे गेलं की एक नाव परत परत समोर येतं, जॉन पोस्टेल. आज त्यांची गोष्ट बघू आणि तिच्याबरोबर घरचं नेट तपासायची पद्धतही समजून घेऊ.

पहिल्याच मेसेजला अडलेलं नेटवर्क

पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ चा, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात अल्टाडेना इथला. ते लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइज हायस्कूलमध्ये शिकले. पुढे इंटरनेटच्या इतिहासात गाजलेले व्हिन्ट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हेही याच शाळेचे. नंतर यूसीएलए या विद्यापीठात पोस्टेल यांनी १९६६ मध्ये इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि १९७४ मध्ये कम्प्युटर सायन्समध्ये पीएचडी केली.

या दोन पदव्यांच्या मधल्या काळात मोठी गोष्ट घडली. यूसीएलएमधल्या लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या लॅबमध्ये अर्पानेट या नेटवर्कचा पहिला कम्प्युटर जोडला गेला आणि पोस्टेल त्या टीममध्ये होते. २९ ऑक्टोबर १९६९ ला तिथून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या कम्प्युटरला पहिला मेसेज पाठवायचा होता. शब्द होता 'लॉगिन'. पहिली दोन अक्षरं पोचली आणि समोरची सिस्टीम कोसळली! साधारण तासाभराने पुन्हा प्रयत्न केल्यावर काम झालं. म्हणजे नेट अडकणं ही नेटच्या जन्मापासूनचीच गोष्ट आहे.

कंटाळवाणं काम अंगावर घेणारा माणूस

नेटवर्कचे नियम लिहून ठेवायला क्रॉकर यांनी १९६९ मध्ये 'आरएफसी' नावाची कागदपत्रांची मालिका सुरू केली. तिचं संपादन पोस्टेल यांच्याकडे आलं आणि शेवटपर्यंत त्यांच्याकडेच राहिलं. त्यांच्या मृत्यूपर्यंत या मालिकेचा क्रमांक २,४०० च्या पुढे गेला होता. कोणाचं लिखाण तपासायचं, कोणाला क्रमांक द्यायचा, कोणाला परत पाठवायचं, हे सगळं ते बघायचे.

दुसरं काम नंबर वाटण्याचं. एकाच कम्प्युटरवर मेल, फाइल, लॉगिन अशा वेगवेगळ्या सेवा चालतात. प्रत्येक सेवेला ठरलेला नंबर नसेल तर गोंधळ होणार. मे १९७२ मध्ये पोस्टेल यांनी सुचवलं की हे नंबर एकाच माणसाने वाटावेत, आणि ते काम स्वतः करायची तयारीही दाखवली. आज ज्याला आपण पोर्ट नंबर म्हणतो त्याची यादी इथून वाढत गेली. डीएनएसला ५३, साध्या वेबसाइटला ८०, सुरक्षित वेबसाइटला ४४३. १९७७ पासून ते मरिना डेल रे इथल्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये होते. तिथे जॉइस रेनॉल्ड्स या सहकारी त्यांच्याबरोबर या याद्या सांभाळायच्या. पुढे या कामाला 'आयाना' हे नाव मिळालं. नाव एखाद्या मोठ्या सरकारी खात्यासारखं, प्रत्यक्षात मात्र मुख्यतः लांब दाढीचे, सँडल घालून फिरणारे पोस्टेल आणि सोबत मोजकी माणसं.

पिंगच्या आधीचा कागद

सप्टेंबर १९८१ मध्ये तीन महत्त्वाचे आरएफसी पोस्टेल यांच्या संपादनाखाली आले: आयपी, आयसीएमपी आणि टीसीपी. आयपीने पत्ता आणि पाकीट ठरवलं. टीसीपीने पाकिटं हरवली तर परत मागायची सोय केली. आयसीएमपी म्हणजे नेटवर्कने स्वतःची तक्रार स्वतः सांगायची भाषा. मला हा तिसरा कागद सगळ्यात आवडतो, कारण नेटवर्क बिघडणारच हे त्यात आधीच धरलेलं आहे. समोरचा सापडत नाही, पाकीट वाटेत फार वेळ फिरलं, अशा निरोपांची त्यात जागा आहे. आणि 'आहेस का?' विचारल्यावर 'आहे' म्हणायचा एक साधा निरोपही आहे.

याच निरोपावर अमेरिकन लष्कराच्या लॅबमधले माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये पिंग हा छोटा प्रोग्रॅम लिहिला. कारण अगदी आपल्यासारखंच, नेटवर्क विचित्र वागत होतं आणि का ते कळत नव्हतं.

घरी हे असं वापरा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि आयपीकॉन्फिग ही कमांड चालवा (कमांड आणि आकडे इंग्रजीत टाइप करायचे). तुमचा पत्ता १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल तर बहुधा राउटरने पत्ता दिलाय. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर कम्प्युटर चालू झाल्यावर त्याने पत्ता मागितला, पण कोणी दिलाच नाही. मग वेबसाइटला दोष देऊ नका, आधी केबल, वायफाय आणि राउटर बघा.

पत्ता ठीक असेल तर 'डिफॉल्ट गेटवे'समोर दिसणाऱ्या नंबरला पिंग करा. तो तुमचा राउटर. उत्तर आलं तर घरातलं नेटवर्क ठीक. मग बाहेरचा एखादा नंबर, उदाहरणार्थ ८.८.८.८, पिंग करा. राउटर बोलतोय पण बाहेरून उत्तर नाही, तर अडचण राउटरच्या पलीकडे, म्हणजे नेट कंपनीच्या लाइनवर असण्याची शक्यता जास्त. 'अनरीचेबल' आलं तर पाकिटाला पुढे वाटच मिळाली नाही. 'टाइम्ड आउट' आलं तर वाट बघूनही उत्तर आलं नाही. काही सर्व्हर पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत, म्हणून एकाच पत्त्यावरून निकाल लावू नका.

नावं, नंबर आणि झाड

जुन्या नेटवर्कवरून टीसीपी-आयपीवर जायची तारीख १ जानेवारी १९८३ ठरली होती. त्याची योजना पोस्टेल यांनी १९८१ मध्येच लिहून दिली होती. तरी लोक चालढकल करत होते. मग १९८२ मध्ये जुनी पद्धत एक दिवस बंद करून दाखवली. ज्यांनी तयारी केली नव्हती त्यांचं काम थांबलं. ही घटना लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तोवर सगळ्या कम्प्युटरांची नावं आणि पत्ते एकाच फाइलमध्ये असायचे. नेटवर्क वाढलं तशी ती फाइल आवरेना. पोस्टेल यांनी हा प्रश्न सहकारी पॉल मोकापेट्रिस यांच्याकडे सोपवला आणि १९८३ मध्ये डीएनएस तयार झालं. त्यात नावांचं झाड असतं. मुळाशी रूट, त्यावर डॉट कॉम, डॉट ओआरजी अशा फांद्या.

देशांच्या फांद्यांचा प्रश्न नाजूक होता. कोणता प्रदेश देश आहे आणि कोणता नाही, हे इंजिनिअरने कसं ठरवायचं? पोस्टेल यांनी ते ठरवलंच नाही. आयएसओ या संस्थेची देशांच्या दोन अक्षरी कोडची तयार यादी होती, तीच घेतली. भारताचा डॉट इन त्या यादीतलाच. त्यांच्यानंतर आलेलं देवनागरी डॉट भारत हेही त्याच झाडावर आहे.

८.८.८.८ ला पिंग जातंय पण वेबसाइटच्या नावाला जात नाही, तर बिघाड बहुधा डीएनएसमध्ये आहे. डीएनएस सर्व्हर बदलून बघा. एकच साइट भलतीकडे जात असेल तर विंडोजमधली 'होस्ट्स' नावाची फाइल तपासा. जुन्या पद्धतीची ही आठवण अजून शिल्लक आहे आणि काही व्हायरस तिच्यात गुपचूप ओळी टाकतात. नावालाही पिंग जातंय पण सगळ्या सुरक्षित साइट इशारा दाखवतात, तर घड्याळ बघा. जुन्या पीसीच्या मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपला की चालू होताना तारीख मागे जाते आणि ब्राउझरला साइटचं प्रमाणपत्र चुकीचं वाटतं.

एक ईमेल

१९९० च्या दशकात डॉट कॉममध्ये पैसा आला. नावांची मुख्य यादी नेटवर्क सोल्यूशन्स या कंपनीकडे, अमेरिकन सरकारच्या करारावर होती. झाड नेमकं कोणाचं, यावर वाद पेटला. २८ जानेवारी १९९८ ला पोस्टेल यांनी रूट सर्व्हर चालवणाऱ्या काही जणांना ईमेल केली की यादी कंपनीच्या सर्व्हरवरून न घेता माझ्याकडच्या सर्व्हरवरून घ्या. एकूण १३ रूट सर्व्हर. मुख्य सोडून उरलेल्या १२ पैकी ८ जणांनी ऐकलं. सामान्य माणसाला काहीच जाणवलं नाही, कारण दोन्हीकडची यादी सारखीच होती. व्हाइट हाउसमधून मात्र ताबडतोब दबाव आला. पोस्टेल यांनी ही चाचणी असल्याचं सांगितलं आणि काही दिवसांत सगळं पूर्ववत केलं. अनेकांना तो सरकारला दिलेला इशारा वाटला.

मला यात दोन्ही बाजू दिसतात. त्यांच्या शब्दावर ८ जण हलले, कारण जवळपास ३० वर्षं त्यांनी याद्या प्रामाणिकपणे ठेवल्या होत्या. पण सगळ्या जगाचं नेट एका माणसाच्या शब्दावर चालणं धोक्याचंही होतं. त्यांनाही हे कळत होतं, म्हणून ते त्या वर्षी आयाना एका संस्थेकडे सोपवायच्या कामात गुंतले होते. सप्टेंबर १९९८ च्या शेवटी आयकॅन ही संस्था नोंदली गेली. १६ ऑक्टोबर १९९८ ला हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीत पोस्टेल यांचं निधन झालं. वय अवघं ५५. सर्फ यांनी त्यांच्यावर लिहिलेला श्रद्धांजलीचा लेख आरएफसी क्रमांक २४६८ म्हणून त्याच मालिकेत छापला गेला.

पुढच्या वेळी नेट गेलं की राउटर बंद करायच्या आधी दोन मिनिटं द्या. पत्ता, राउटर, बाहेरचा नंबर, मग नाव, याच क्रमाने जा. कुठे उत्तर थांबतं ते लिहून ठेवा आणि नेट कंपनीला फोन करताना तेच सांगा. फक्त 'नेट चालत नाही' म्हणण्यापेक्षा 'राउटरला पिंग जातंय, पण बाहेर जात नाही' म्हटलं की समोरच्याला लाइन तपासावीच लागते.