प्लेगची लस देणारे हाफकिनसाहेब

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी कोणा ना कोणा थोर व्यक्तीचे चरित्र येते. बहुतेक चरित्रे आपल्या मातीतल्या माणसांची असतात. यंदा मी एका परदेशी माणसाविषयी लिहिणार आहे. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे नाव मुंबईतल्या सर्वांच्या कानांवरून गेलेले असते. पण हाफकिन हे एका माणसाचे नाव आहे आणि त्या माणसाचे आपल्यावर किती उपकार आहेत, हे थोड्याच जणींना ठाऊक असेल.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. त्या काळी तेथे रशियाच्या झारचे राज्य होते. ज्यू लोकांवर हल्ले होत, त्यांची घरेदारे लुटली जात. विद्यार्थी असताना आपल्या लोकांच्या रक्षणासाठी हाफकिन पुढे झाले, जखमी झाले आणि तुरुंगातही गेले. प्राणिशास्त्रात त्यांची बुद्धी मोठी तल्लख होती. मेचनिकॉफ हे नामांकित शास्त्रज्ञ त्यांचे गुरू. परंतु धर्म बदलल्याखेरीज प्राध्यापकाची जागा मिळण्यासारखी नव्हती, आणि धर्म बदलायला हाफकिन तयार झाले नाहीत. अखेर १८८८ साली त्यांनी मायभूमी सोडली. आधी जिनिव्हा आणि मग पॅरिसला पाश्चरच्या संस्थेत ते गेले. तेथेही प्रथम जागा मिळाली ती पुस्तके सांभाळणाऱ्याच्या मदतनिसाची. फावल्या वेळात ते प्रयोगशाळेत जंतूंचा अभ्यास करीत.

त्या काळी पटकी, म्हणजे कॉलरा, हा रोग गावेच्या गावे ओस पाडीत असे. हाफकिन यांनी कॉलऱ्याच्या जंतूंपासून लस तयार केली. जनावरांवर ती उपयोगी ठरली. पण माणसावर प्रयोग कोणावर करायचा? त्यांनी दुसऱ्या कोणाला पुढे केले नाही. १८ जुलै १८९२ रोजी ती लस त्यांनी स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. ताप आला आणि उतरला. मग त्यांचे काही मित्र टोचून घ्यायला तयार झाले.

कॉलऱ्याचा उपद्रव सर्वांत जास्त आपल्या देशात, म्हणून १८९३ साली ते कलकत्त्यास आले. सरकारी डॉक्टरांना ते परके वाटत, कारण ते वैद्यकाची परीक्षा दिलेले नव्हते. लोकांना सुईची भीती वाटे. तेव्हा कलकत्त्याच्या वस्त्यांमध्ये हाफकिन आणि त्यांच्याबरोबरचे बंगाली डॉक्टर लोकांसमोर आधी स्वतः टोचून घेत. सक्ती त्यांनी केली नाही. येईल त्याला टोचले, न येईल त्याला सोडले. पण नोंद मात्र दोघांचीही ठेवली.

भगिनींनो, या नोंदीकडे आपण नीट लक्ष द्यावे. टोचलेला माणूस जगला, एवढ्यावरून लस चांगली असे म्हणता येत नाही. तो न टोचताही जगला असता कदाचित! म्हणून एकाच घरात राहणारी, एकाच विहिरीचे पाणी पिणारी आणि एकाच चुलीवरचे खाणारी माणसे घ्यायची. त्यांत टोचलेली किती आजारी पडली आणि न टोचलेली किती, हे शेजारी शेजारी मांडायचे. आपण वाण्याचा हिशोब जसा दोन्ही बाजूंनी ताडून पाहतो तसेच हे. आज नव्या लशीची परीक्षा घेताना हेच तत्त्व पाळतात, आणि २०२० साली करोनाची साथ आली तेव्हा आपण सर्वांनी ते वर्तमानपत्रांत वाचले.

आता मुंबईकडे येऊ. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात लोकांना जबर ताप येऊ लागला. जांघेत, काखेत गाठ येई आणि थोड्याच दिवसांत माणूस दगावे. डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी हा गाठीचा प्लेग आहे असे ओळखले. शहरात हाहाकार उडाला. पुढल्या काही महिन्यांत जवळजवळ निम्मी मुंबई गावोगाव पळाली. सरकारने घरांत शिरून रोगी शोधायचे आणि त्यांना उचलून इस्पितळात न्यायचे असे कडक उपाय सुरू केले. परके शिपाई माजघरापर्यंत येतात, स्टेशनावर बायकांना तपासतात, हे लोकांना सहन होईना. आजारी माणसाला घरातच लपवू लागले. ऑक्टोबरात गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. पुण्यात काय घडले ते तर आपण शाळेतच शिकलो. पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचा त्याच रोगाने अंत झाला. अशी ती साथ होती. लपवलेला रोगी नोंदीत येत नाही आणि त्याच्यापासून साथ मात्र वाढते. धाकाने लोक आजार लपवतात. विश्वास बसला तरच सांगतात.

ऑक्टोबर १८९६ मध्ये हाफकिनसाहेब मुंबईत दाखल झाले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि लगतचा सोपा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन-चार शिपाई, एवढाच सरंजाम. प्लेगचे जंतू वाढवायचे म्हणजे साक्षात मृत्यूशी खेळ. मांसाच्या पातळ रशात ते जंतू सोडीत आणि वर तुपाचे थेंब तरंगत ठेवीत. त्या तुपाला धरून जंतू खाली लोंबत वाढत. आपल्या स्वयंपाकघरातल्या तुपाचा असा उपयोग होईल हे कोणाच्या मनात तरी येईल का! मग तो रसा तापवून जंतू मारायचे आणि मेलेल्या जंतूंची लस करायची. या कामाच्या ताणाने एक मदतनीस आजारी पडला, इतर सोडून गेले. साहेब रात्रंदिवस खपत राहिले आणि तीन महिन्यांत लस तयार झाली.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी पुन्हा पहिली सुई स्वतःलाच टोचली, आणि तीही इतरांना द्यायची त्याच्या तिप्पट मात्रेची. कडक ताप आला, हात दुखला, पण धोका झाला नाही. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील निम्म्याच्या आसपास कैद्यांनी आपखुशीने टोचून घेतले. टोचलेल्यांपेक्षा न टोचलेल्यांत प्लेग पुष्कळ जास्त झाला. पुढे आगाखान यांनी स्वतः टोचून घेतले. ते पाहून त्यांच्या खोजा समाजातले हजारो लोक पुढे आले. आगाखानांनी प्रयोगशाळेसाठी आपला बंगलाही दिला.

१८९८ साली बडोद्याजवळच्या उंडेरा गावी जे झाले ते तर फारच बोलके आहे. गावात प्लेग होता. एकेका घरातील माणसे बोलावून त्यांतली साधारण निम्मी टोचली, निम्मी तशीच ठेवली. काही आठवड्यांनी जाऊन मोजणी केली. एकूण २८ घरांत प्लेग आला होता. त्या घरांतल्या ७१ टोचलेल्या माणसांपैकी ८ आजारी पडली आणि ३ दगावली. न टोचलेली ६४ होती; त्यांतली २७ आजारी पडली आणि २६ दगावली. हे आकडे वाचताना पोटात कालवते, कारण ते २६ कोणाचे तरी आईबाप, कोणाची तरी लेकरे होती. पण याच आकड्यांनी पुढे असंख्य लोकांना वाट दाखवली. ही लस सोळा आणे रक्षण करीत नाही आणि तिचा असर कायमचा टिकत नाही, हेही आकड्यांवरून उघड होते. हाफकिन यांनी ते झाकून ठेवले नाही.

१८९९ साली परळच्या जुन्या लाटसाहेबाच्या बंगल्यात त्यांची प्रयोगशाळा थाटली गेली. सगळे सुरळीत चालले असता घाला पडला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ लोकांना टोचले. त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. हे १९ जण एकाच बाटलीतून टोचलेले होते. बाकीच्यांना काही झाले नाही. तरी चौकशीत दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला. हाफकिन यांना कामावरून दूर केले गेले आणि १९०४ साली ते इंग्लंडला परतले. ज्या देशासाठी जीव धोक्यात घातला तेथूनच असा कलंक घेऊन जाताना त्यांच्या मनाला काय यातना झाल्या असतील!

पुढे कागदपत्रांची पुन्हा छाननी झाली. बाटली उघडताना तिला कसलीही दुर्गंधी नव्हती. जंतू प्रयोगशाळेतच शिरले असते तर इतक्या दिवसांत ती नासली असती. त्या दिवशी बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, हेही नोंदीत होते. मलेरिया डासांमार्फत पसरतो हे शोधून काढणारे रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी १९०७ साली त्यांची बाजू जाहीरपणे मांडली आणि ते निर्दोष ठरले. आयुष्यभर ज्या बारीक नोंदीचा त्यांनी आग्रह धरला, तशाच नोंदीने त्यांना सोडवले. ते हिंदुस्थानात परत आले, पण परळची जागा त्यांना पुन्हा मिळाली नाही. निवृत्त होईपर्यंत त्यांनी कलकत्त्यास काम केले. लग्न त्यांनी केले नाही. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. त्याआधी १९२५ साली परळच्या संस्थेला त्यांचे नाव दिले गेले होते. तोवर मुंबईहून त्यांच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या.

आता प्लेगवर चांगली औषधे आहेत आणि त्या जुन्या लशीची गरज उरलेली नाही. पण हाफकिनसाहेबांनी घालून दिलेली रीत आपल्या कामाची आहे. आपल्या मुला-नातवंडांच्या लशींचे कार्ड जपून ठेवावे. आळीत ताप, हगवण, गोवर आला तर तो न लपवता दवाखान्यात कळवावा. आरोग्य खात्याची ताई विचारायला आली तर तिला दारातून परत न पाठवता खरे ते सांगावे. तिच्या वहीत आपल्या घरची एक ओळ लिहिली जाते. अशा ओळी जुळूनच साथ कोठे आहे ते कळते आणि शेजारचे लेकरू वाचते.