माहेर नगर, सासर विजापूर

गेल्या महिन्यात आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर ताटांपेक्षा कागदच जास्त होते. धाकट्या लेकीचा होणारा नवरा युरोपातला. लग्नाआधी त्याचं घर, त्याची माणसं, तिथला हिवाळा सगळं नीट बघून यावं, म्हणून ती ९० दिवसांच्या व्हिसावर निघालेली. त्याचं आमंत्रणाचं पत्र, बँकेचे उतारे, प्रवासाचा विमा, ऑफिसचं रजेचं पत्र, परतीचं तिकीट. यादी संपता संपेना. आणि या सगळ्या कागदांतून सिद्ध काय करायचं, तर पोरगी परत येणार आहे!

तिकडचे लोक विचारत होते, परत जाणार ना? आणि इकडे आमच्या गल्लीतल्या बायका दबक्या आवाजात मला विचारत होत्या, येणार ना हो ती परत? लेक वैतागली. म्हणाली, आई, मी कुणाची आहे याचा दाखला आता दोन्हीकडे द्यायचा का? मला पटकन उत्तर सुचलं नाही. रविवारी मात्र आम्ही तिला घेऊन चांदबीबीच्या महालावर गेलो. आम्हा नगरकरांची ही जुनी सवय. पाहुणा आला की महाल, कुणी लांब निघालं की महाल.

पाथर्डी रस्त्यानं शहरापासून १०-१२ किलोमीटरवर, डोंगराच्या माथ्यावर तो तीन मजली अष्टकोनी महाल आहे. गंमत म्हणजे तो चांदबीबीचा नाहीच. ती सलाबतखानाची कबर. हा सलाबतखान म्हणजे चांदबीबीच्या भावाचा, मुर्तझा निजामशहाचा वजीर. पण लोकांनी त्या वजिराला विसरून महाल तिच्या नावे करून टाकला. आता शहराचं नाव अहिल्यानगर झालं, तरी महाल चांदबीबीचाच राहिला आहे. तिथं वर वाऱ्यात उभी असताना मला एकदम वाटलं, लेकीच्या प्रश्नाचं उत्तर हिच्याकडेच मागावं. कारण हाच प्रश्न हिला जन्मभर विचारला गेला.

लहानपणी शाळेत आपण चांदबीबी शिकलो ती हातात तलवार घेऊन बुरुजावर उभी असलेली. तिचं सासर विजापूरचं, हे आपल्या लक्षातच राहत नाही. आज आपण सोलापूरमार्गे एसटीनं दिवसभरात विजापूर गाठू. तिच्या काळात मात्र तो परका मुलुख होता. वेगळं राज्य, वेगळं नाणं, वेगळी फौज. मधली हद्द कायम धुमसती, आणि सोलापूरच्या किल्ल्यावरून तर दोन्ही राज्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं भांडण.

चांदबीबी ही हुसेन निजामशहाची मुलगी, जन्म १५५० च्या आसपासचा. आई खुंझा हुमायूँ, स्वतः कारभार पाहू शकणारी कर्ती बाई. मुलीचं लग्न ठरलं ते विजापूरच्या अली आदिलशहाशी. हा जावई कोण? तर काही वर्षांपूर्वीच विजयनगरच्या रामरायाबरोबर फौज घेऊन सासऱ्याच्याच शहरावर चालून आलेला! पण पुढे विजयनगरविरुद्ध दख्खनच्या सुलतानांना एक व्हायचं होतं. मग काय, साटंलोटं झालं. चांदबीबी विजापूरला गेली आणि अलीची बहीण हदिया सुलताना चांदबीबीच्या भावाला, मुर्तझाला दिली. म्हणजे नणंद तीच वहिनी. हुंड्यात सोलापूरचा किल्ला दिला. दोन घरांचा नव्हे, दोन राज्यांचा तह दोन मुलींच्या पदराला बांधला गेला. जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटची लढाई झाली, विजयनगर पडलं. ज्या कामासाठी लग्न केलं ते काम झालं. मुलींना मात्र आयुष्य काढायचं होतं.

चांदबीबीनं ते चांगलं काढलं असं दिसतं. ती अली आदिलशहाबरोबर घोड्यावरून हिंडायची, शिकारीला जायची. दख्खनच्या चित्रकारांनी पुढं तिची चित्रं काढली तीही घोड्यावर बसलेली, हातावर बहिरी ससाणा घेतलेली. तिला फारसी, अरबीबरोबर मराठी आणि कानडीही येत असे, असं सांगतात. मराठी माहेरची आणि कानडी सासरची. अलीनं विजापुरात एक मोठी विहीर बांधली, तिला बायकोचं नाव दिलं, चांदबावडी.

इकडे माहेरी काय चाललं होतं? वडील १५६५ मध्येच गेले. आईनं मुर्तझाच्या नावानं काही वर्षं राज्य चालवलं, आणि मोठ्या झालेल्या मुलानं तिला कैदेत टाकलं. हुसेनशहाच्या स्तुतीचा एक सचित्र ग्रंथ पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यातल्या चित्रांत हुसेनशहाशेजारी बसलेली राणी नंतर कुणीतरी रंग फासून पुसून टाकलेली आहे. ती चांदबीबीची आई. लेक सासरी परक्या राज्यात, आई स्वतःच्या राज्यात कैदी. लेकीला त्या वेळी काय वाटलं असेल, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.

१५८० मध्ये अली आदिलशहाचा खून झाला. पोटी मूल नव्हतं. दिराचा मुलगा इब्राहिम गादीवर बसला, तो जेमतेम नऊ वर्षांचा. त्याला वाढवायचं काम चांदबीबीकडे आलं आणि कारभारावर सरदारांची झडप पडली. त्यातला किश्वरखान तिलाच जड होऊ लागला, तेव्हा त्याला तिचा काटा काढायचा होता. आरोप कोणता केला असेल? तर ही बाई माहेरची आहे, हिनं भावाला पत्रं पाठवून विजापूरवर चालून यायला सांगितलं. पंधरा वर्षं ज्या घरात संसार केला, तिथं एका दिवसात ती परकी ठरली. तिला सातारच्या किल्ल्यावर नेऊन कोंडलं. पण हे विजापूरच्या लोकांनाच सहन झालं नाही. लोक उठले, किश्वरखान पळाला आणि तिला मानानं परत आणलं.

भावाची फौज मात्र खरोखरच आली. तिच्या बोलावण्यानं नव्हे, विजापुरातली बेदिली बघून. नगर आणि गोवळकोंड्याच्या फौजांनी विजापूरला वेढा दिला. आणि चांदबीबी कुठं होती? तटाच्या आत, दिराच्या पोराशेजारी. समोर माहेरचे तंबू दिसत असताना तिनं सासरचं शहर सांभाळलं. वेढा फसला. ती कुणाची, याचा दाखला यापेक्षा मोठा काय द्यायचा?

पुढं १५८४ मध्ये ती नगरला आली. निमित्त लग्नाचंच. इब्राहिमची बहीण खदिजा हिचं लग्न मुर्तझाच्या मुलाशी, मिरान हुसेनशी ठरलं होतं. बघा हं, नवरीची ही चुलती आणि नवऱ्या मुलाची आत्या! करवली म्हणून आली आणि वीस वर्षांनी माहेरचा उंबरा ओलांडला. पण माहेर आता पूर्वीचं राहिलं नव्हतं. भाऊ एकांतात राहणारा, विक्षिप्त झालेला. लोक त्याला दिवाणा म्हणत. १५८८ मध्ये त्याच्या मुलानंच त्याला मारलं, आणि पुढच्याच वर्षी तो मुलगाही मारला गेला. खदिजा वर्षभरातच विधवा. साटंलोट्याची दुसरी पिढीही अशी संपली.

१५९५ मध्ये नगरच्या गादीवर कोण, यावरून सरदारांचे गट पडले. मियाँ मंजूनं भलत्याच मुलाला गादीवर बसवलं आणि अडचणीत आल्यावर अकबराचा मुलगा मुराद याला गुजरातेतून मदतीला बोलावलं. मोगल आले तेव्हा मियाँ मंजूला चूक कळली, पण तो शहर सोडून गेला. चांदबीबीनं किल्ला ताब्यात घेतला आणि चावंडच्या किल्ल्यात कैदेत असलेल्या लहानग्या बहादूरच्या नावानं द्वाही फिरवली. हा तिच्या दुसऱ्या भावाचा नातू. पुन्हा एक वेढा आणि पुन्हा दुसऱ्याच्याच लेकराची गादी.

मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. त्यांच्याच छावणीतल्या एकानं ती बातमी आत पोचवली. किल्ल्यातल्या माणसांनी आतून खणून दोन सुरुंग निकामी केले. तिसऱ्यापर्यंत हात पोचले तोच तो उडाला. फेब्रुवारी १५९६ ची ही गोष्ट. भिंतीला मोठं खिंडार पडलं, भलेभले सरदार मागं सरकले. तेव्हा ती चिलखत घालून, तोंडावर बुरखा, हातात तलवार अशी खिंडारात येऊन उभी राहिली. संध्याकाळपर्यंत झुंज चालली. रात्रभर तिनं स्वतः उभं राहून भिंत बांधून घेतली. सकाळी मोगल बघतात तो खिंडार बुजलेलं! गोळे संपले तेव्हा तिनं तांब्याची, चांदीची, शेवटी सोन्याची नाणी तोफांतून उडवली, ही आख्यायिका आमच्याकडे अजूनही सांगतात.

पण मला या वेढ्यातली दुसरीच गोष्ट जास्त भावते. मोगलांनी तहाची घाई केली, त्याचं एक कारण म्हणजे विजापूरहून मोठी फौज नगरच्या मदतीला निघाली होती. ती पाठवली होती इब्राहिम आदिलशहानं. नऊ वर्षांचा असताना तिनं ज्याला सांभाळलं तो हा पोरगा! तिच्या माहेरावर संकट आलं तेव्हा सासरचं लेकरू धावलं. तहात वऱ्हाड द्यावं लागलं, पण नगर राहिलं आणि बहादूर गादीवर आला.

ते सुख फार टिकलं नाही. ज्याला पेशवा नेमलं तोच उलटला, सरदारांची भांडणं काही मिटेनात. १६०० मध्ये शहजादा दानियालच्या हाताखाली मोगल पुन्हा आले. आता तिला स्पष्ट दिसत होतं, की किल्ला तगणार नाही. आतल्या माणसांना आणि लहान बहादूरला सुखरूप बाहेर पडू द्यावं, या अटीवर किल्ला द्यायचा विचार तिनं बोलून दाखवला. तेवढं पुरलं. किल्ल्यातल्याच एका अधिकाऱ्यानं ओरड केली, की बाई मोगलांना फितूर झाली. जमाव आत घुसला आणि तिला मारलं. थोड्याच दिवसांत, ऑगस्टमध्ये, मोगलांनी किल्ला घेतला. बहादूरला ग्वाल्हेरच्या कैदेत पाठवलं. तिचा सल्ला ऐकला असता तर निदान काही जीव तरी वाचले असते.

विजापुरात नगरची म्हणून संशय, नगरात मोगलांची म्हणून संशय. हद्द ओलांडून गेलेल्या बाईवर हा आरोप करायला काही लागत नाही, पुरावा तर मुळीच नाही. तो सहज चिकटतो. चांदबीबीनं त्याला कधी कागदानं उत्तर दिलं नाही. ज्या तटाच्या आत होती तो तट तिनं राखला आणि समोर जे लेकरू होतं त्याला आपलं मानलं. दोन्ही घरं तिची होती. एवढी साधी गोष्ट दोन्ही राज्यांतल्या शहाण्यांना कळली नाही. कळली ती, मला वाटतं, एका इब्राहिमला.

महालावरून उतरताना मी लेकीला हे सगळं सांगत होते. ती ऐकत होती, मध्येच काही विचारत होती. शेवटी म्हणाली, हा महाल तिचा नाही म्हणतेस, मग तिचं स्वतःचं असं कुठं काय आहे? मी म्हटलं, विजापूरची चांदबावडी. नवऱ्यानं प्रेमानं बांधलेली, तिच्या नावाची.

गेल्या आठवड्यात तिचं विमान गेलं. परतीचं तिकीट फायलीत आहे. येताना तोही काही दिवसांसाठी येणार आहे, त्याच्याही व्हिसाचे कागद सुरू झालेत. तो आला की आम्ही सगळे विजापूरला जाणार आहोत. गल्लीतल्या बायकांनाही मी आता तेवढंच सांगते.