आमेरचे सवाई जयसिंह

जयपूरजवळील आमेर येथे १६८८ साली जयसिंहांचा जन्म झाला. वयाच्या अकराव्या वर्षीच ते गादीवर बसले. लढाया आणि दरबारी राजकारण यांत त्यांचे आयुष्य गेले. मन मात्र रमले ते आकाशात. जुन्या सारण्यांवरून काढलेली ग्रहस्थाने प्रत्यक्ष वेधांशी जुळत नसत, ही गोष्ट त्यांना बोचत असे. पितळी यंत्रे झिजतात, म्हणून त्यांनी दगडचुन्याची प्रचंड यंत्रे उभारली. महाराष्ट्रीय मानले जाणारे पंडित जगन्नाथ सम्राट यांनी त्यांच्या आश्रयाने युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणली.

वेध घेतले तरी गणित उरतेच, आणि मोठमोठ्या गुणाकारांत गणकांचे दिवसच्या दिवस सरत. युरोपात नेपियरने १६१४ साली लॉगरिथम मांडून गुणाकाराचे काम बेरजेवर आणले होते. जयसिंहांनी पोर्तुगालला मंडळ धाडले; फ्रेंच ज्योतिषी ला हीर याच्या सारण्या हाती आल्या. दरबारातील केवलराम ज्योतिष्याने लॉगरिथमची सारणी ‘विभागसारणी’ या नावाने संस्कृतात उतरवली. परकी विद्या जयसिंहांनी आदराने स्वीकारली, पण डोळे मिटून नव्हे. हे मला विशेष वाटते. ला हीरच्या सारणीतील चंद्र त्यांनी आपल्या वेधांशी ताडून पाहिला, तेव्हा सुमारे अर्ध्या अंशाची चूक निघाली.

१७४३ साली ते निवर्तले.