शून्य टाकून देऊ नका! – गणिती शिक्षक द. रा. कापरेकर



०.५ मोठा की ०.३५? सहावी-सातवीच्या कोणत्याही वर्गात हा प्रश्न फळ्यावर लिहून बघा. आमच्या मुलुंडच्या वर्गात अर्ध्याहून जास्त हात ०.३५ साठी वर जातात. ३५ हे ५ पेक्षा मोठे, मग झालं! नियम सांगितला की मुलं मान डोलावतात आणि चाचणीत पुन्हा तेच लिहितात. यंदा मी नियम बाजूला ठेवला आणि आधी एका गुरुजींची गोष्ट सांगितली.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. आई ते आठ वर्षांचे असतानाच गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. त्या आकडेमोडीतूनच मुलाला अंकांची गोडी लागली असावी. शाळा झाली ठाण्याला, म्हणजे आपल्या मुलुंडच्या पुढच्याच स्टेशनावर. (हे सांगितल्यावर वर्गातली कुजबुज थांबली!) पुढे पुण्यात फर्ग्युसन कॉलेज, १९२७ साली रँग्लर परांजपे गणित पारितोषिक आणि १९२९ मध्ये पदवी. त्यापुढचं शिक्षण नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवत होते.

शाळा, तपासायच्या वह्या आणि उरलेल्या वेळात संख्या. आपल्यासारखाच दिवस हो त्यांचा! एका प्रकारच्या संख्या त्यांना सुचल्या त्या रेल्वेच्या डेम्लो स्टेशनवर, म्हणजे आताच्या डोंबिवलीला. म्हणून त्या डेम्लो संख्या. १६५ बघा, कडेच्या अंकांची बेरीज मधला अंक देते. २५५३ मध्ये मधले दोन्ही अंक तसेच. आपल्या गावालाही ते विसरले नाहीत. १५ मध्ये त्याचेच अंक मिळवले की २१ येतात, पण २० कोणत्याच संख्येपासून असे मिळत नाहीत. अशा स्वयंभू संख्यांना त्यांनी देवळाली संख्या म्हटलं.

१९४९ साली त्यांनी जगापुढे ठेवलेला शोध मात्र थेट आपल्या पाठाचाच आहे. चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा आणि वजाबाकी करा. उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेऊ.

५४३२ – २३४५ = ३०८७
८७३० – ०३७८ = ८३५२
८५३२ – २३५८ = ६१७४

६१७४ वर पुन्हा करा, ६१७४ च येतात. कोणतीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच पोहोचते. हाच कापरेकर स्थिरांक.

मुलांनी वह्या भरून टाकल्या. एक मुलगी मात्र रडवेली होऊन आली. तिने घेतले होते २१११. २१११ – १११२ = ९९९. मग ९९९ – ९९९ = ०. तिच्या मते कापरेकर चुकले होते आणि वर्ग तिला हसत होता. मी तिला एवढंच विचारलं, की आपण किती अंकी संख्येचा खेळ खेळतोय? ती थोडा वेळ वहीकडे बघत राहिली आणि तिने ९९९ च्या आधी शून्य लिहिला.

९९९० – ०९९९ = ८९९१
९९८१ – १८९९ = ८०८२
८८२० – ०२८८ = ८५३२

पुढची पायरी वर आलेलीच आहे. पाचव्या वजाबाकीला ६१७४!

त्याच तासाला मी ०.५ आणि ०.३५ पुन्हा फळ्यावर लिहिले. आता तिनेच ०.५ च्या शेवटी शून्य लिहून ०.५० केले. जागा सारख्या झाल्या आणि ५० शतांश, ३५ शतांश समोरासमोर आले. शून्याने किंमत बदलली नाही, पण तुलना सोपी केली. पालकहो, घरी हे पैशांवर घ्या: पन्नास पैसे आणि पस्तीस पैसे. मग –०.५ आणि –०.३५ संख्यारेषेवर दाखवा. शून्याच्या डावीकडे जास्त लांब गेलेली संख्या लहान, म्हणून इथे क्रम उलटतो. आठवीत √२ आला तरी घाबरायचं नाही. १.४ चा वर्ग १.९६ आणि १.५ चा २.२५, म्हणजे √२ यांच्यामध्येच.

कापरेकर गुरुजींना मोठ्या पदव्या नव्हत्या, म्हणून आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांनी त्यांचं काम पोरखेळ समजून सोडून दिलं. बरंचसं लेखन त्यांनी पदरमोड करून छापलं. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, तेव्हा शिकवण्या घेतल्या. हे वाचताना मला खरंच वाईट वाटलं. १९७५ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी आपल्या प्रसिद्ध सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि जगाला हे नाव कळलं. तेव्हा गुरुजी सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली ते गेले.

तुमच्या वर्गात तीन अंकी संख्यांवर हाच खेळ घेऊन बघा. तिथे ४९५ येतात. सुरुवात मुद्दाम २११ ने करा, ९९ आले की मुलं काय करतात ते बघा आणि मला जरूर कळवा.